अटी सेविकेला, मोकळीक सरकारला

मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना ‘मेस्मा’ लावला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवांमधले संप रोखणारा कायदा. आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सेविकांनी राज्यभर संप करून सरकारच्या नाकी नऊ आणले होते, पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून ही तजवीज. विधिमंडळात गदारोळ झाला, सत्तेत बसलेल्या शिवसेनेनेही विरोध केला आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. लोक ते विसरूनही गेले. मला ते लक्षात राहिलं, कारण त्या आठवड्यात सरकारने आपणहून कबूल केलं होतं की अंगणवाडी बंद राहिली तर राज्याचं चालणार नाही. एरवी पैशाचा विषय निघाला की तीच सेविका ‘मानसेवी’ ठरते. तिला पगार नसतो, मानधन असतं.

डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बेमुदत संप झाला आणि तो जानेवारी 2024 च्या अखेरीपर्यंत लांबला. बातम्या आल्या त्या पोषण आहार थांबल्याच्या. तीन ते सहा वयाच्या मुलांचं शिक्षण थांबलं, असा मथळा माझ्या तरी पाहण्यात आला नाही. पहिली ते चौथीचे वर्ग इतके दिवस बंद राहिले असते तर पालक जिल्हा परिषदेवर चालून गेले असते. अंगणवाडीत शिक्षण होतं, हेच मुळात कुणाला फारसं पटलेलं नाही. सरकारलाही नाही.

सरकारी पैशाने बालशिक्षण चालवायचं तर त्याच्या अटी काय असाव्यात, यावर कागदांची कमतरता नाही. पण त्यातल्या ज्या अटी खरोखर बंधनकारक आहेत, त्या सगळ्या खालच्या टोकाला बांधलेल्या आहेत. सेविका बारावी पास हवी. त्याच गावची रहिवासी हवी. तिने अमुक वेळी फोटो टाकला पाहिजे, वजन-उंची भरली पाहिजे, लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये जुळवला पाहिजे. यात चूक झाली तर मानधन कापलं जातं, नोटीस येते. उलट बाजूला, किती मुलांमागे किती मोठी माणसं असावीत, शिकवण्यासाठी रोज किती वेळ राखून ठेवावा, शिकवणाऱ्या बाईला किती महिन्यांचं प्रशिक्षण द्यावं, हे सरकारवर बंधनकारक करणारं काहीच नाही. यातली पहिली अट मी एकच मानतो: रोज सकाळी काही तास फक्त मुलांसाठी मोकळं असलेलं एक प्रशिक्षित माणूस. बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी कायद्याचं बघू, कारण गाडी तिथेच रुळावरून घसरली. मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं आश्वासन होतं. वयाची खालची मर्यादा नव्हती, म्हणजे तीन वर्षांचं मूलही त्यात बसत होतं. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदापर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानलं. मग 2002 मध्ये 86 वी घटनादुरुस्ती झाली. तिने सहा ते चौदा वयाला अनुच्छेद 21-अ मध्ये पक्का हक्क दिला आणि सहाच्या आतल्यांना मार्गदर्शक तत्त्वांत बसवून टाकलं. त्यांच्यासाठी राज्य प्रयत्न करील. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 11 आलं, तेही असंच: तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकेल. केली नाही तर कुणी न्यायालयात जाऊ शकत नाही.

म्हणून आज चित्र असं आहे. पहिलीतल्या मुलासाठी कायद्यात वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास लिहिलेले आहेत, तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलेला आहे. त्याचीच चार वर्षांची बहीण अंगणवाडीत जाते, तिच्यासाठी यातलं काहीही नाही. 2013 मध्ये राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरण आलं, त्याच्या दर्जाच्या निकषांत सगळं नीट सांगितलेलं आहे: तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तिनाखालच्या दहा बाळांमागे एक, रोज तीन-चार तासांचा कार्यक्रम, तीस मुलांना 35 चौरस मीटरची खोली आणि बाहेर खेळायला जागा. वाचून बरं वाटतं. पण धोरण हा कायदा नसतो. वीसच्या जागी पस्तीस मुलं बसली तरी जबाबदार कुणीच नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आणखी पुढे जाऊन तीन ते आठ ही पाच वर्षं एकाच पायाभूत स्तरात घातली. 2030 पर्यंत प्रत्येक मुलाला दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावं, असं त्यात म्हटलंय. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, हे वाक्यही त्यातच आहे आणि गेली पाच वर्षं प्रत्येक कार्यशाळेत, प्रत्येक फलकावर ते फिरतंय. मेंदूचं महत्त्व आता सगळ्यांना पाठ झालंय. त्या मेंदूसमोर रोज सकाळी कोण बसणार, हा प्रश्न तेवढा पाठ झालेला नाही.

अंगणवाडीचा जन्म शाळा म्हणून झाला नाही, हे मान्य. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती 33 प्रकल्पांत. सेवा सहा: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं), मातांना आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. कागदावर या सहा बहिणी सारख्याच. पण आहाराचा हिशेब किलोत लागतो, लसीचा डोसात, वजनाचा ग्रॅममध्ये. शिक्षणाचा हिशेब लावता येत नाही, म्हणून वेळ कमी पडला की कात्री नेहमी त्याच्यावर चालते.

हे कसं होतं ते पाहायला कुठल्याही गावातल्या अंगणवाडीत सकाळी दोन तास बसावं. सतरंजीवर वीस-बावीस मुलं. मदतनीसताई आतल्या कोपऱ्यात कुकर लावून बसलेल्या, त्यांना आज उसळ आणि भात करायचाय. ताईंनी गोष्ट सुरू केलेली, कोल्हा नदीपाशी आलाय. तेवढ्यात दारात एक आई उभी राहते, कडेवर सात महिन्यांचं बाळ, तिला घरी न्यायच्या आहाराचं पाकीट हवंय. पाकीट देऊन चालत नाही, आधी तिचा चेहरा जुळायला हवा. जुलै 2025 पासून हे सक्तीचं झालंय. रेंज नाही म्हणून ताई फोन घेऊन अंगणात जातात, ‘जरा उजेडाकडे बघ गं’ म्हणतात, चेहरा जुळत नाही, पुन्हा. कोल्हा नदीपाशीच उभा. मोठ्या मुलांपैकी एक मुलगी आपणहून बडबडगीत सुरू करते आणि बाकीची ओरडत साथ देतात. एक मुलगा कोपऱ्यात मणी ओवतोय. लाल, पिवळा, लाल, पिवळा, लाल, आणि मग त्याच्या हाताला निळा लागतो. तो थांबतो, निळा धरून इकडेतिकडे बघतो.

बालशिक्षण नावाची जी काही गोष्ट आहे ती नेमकी या क्षणी घडते, किंवा घडत नाही. कुणीतरी शेजारी बसून ‘इथे कोणता येईल रे?’ एवढं विचारायचं असतं. उत्तर सांगायचं नसतं. मूल माळ मागून पुढे वाचतं, बोट फिरवतं, निळा खाली ठेवतं. आकृतिबंध ओळखणं ही गणिताची पहिली पायरी आहे आणि त्यासाठी स्मार्ट टीव्ही लागत नाही. लागतं एक रिकामं माणूस. ताई आत येतात तोवर त्याने निळा ओवून टाकलेला असतो आणि माळ गळ्यात घालून तो उसळीच्या रांगेत उभा असतो.

यात ताईंची काय चूक? त्यांनी शिकवलं नाही याची नोंद कुठे होत नाही, पाकीट दिलं नाही याची होते. शिवाय महिन्यात लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, मातृवंदनेचे अर्ज, लेक लाडकीचे अर्ज. 2024 च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ आली तेव्हा अर्ज भरायचं काम याच बायकांकडे दिलं, अर्जामागे पन्नास रुपये देऊ म्हणून. त्या दिवसांत गावोगावच्या अंगणवाड्यांसमोर रांगा होत्या. आत मुलं काय करत होती, हा प्रश्न मंत्रालयात कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आपल्या गरीब देशात असंच चालायचं, दुसरं माणूस कुठून आणणार? याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका राज्यातून आलेलं आहे. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गॅनिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी 640 अंगणवाड्यांमध्ये प्रयोग केला. काही केंद्रांना, चिठ्ठी टाकून निवडलेल्या, एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली, तिचं काम फक्त मुलांना शिकवणं. बाकी केंद्रं होती तशी. शिकवण्याचा एकूण वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानंतर त्या केंद्रांतली मुलं भाषेत आणि गणितात स्पष्टपणे पुढे होती. यात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते वेगळंच: खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने खुंटलेली उंची, आणि तीव्र कुपोषणही तिथे कमी झालं. कारण जुन्या सेविकेला आहार आणि आरोग्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला. अंगणवाडीचं खरं काम कुपोषण हटवणं, शिकवणं दुय्यम, असं जे अधिकारी सांगतात त्यांनी हे जरूर वाचावं. दोन्ही कामं एकमेकींच्या ताटातलं खात होती, तिसरा हात आल्यावर दोन्ही सुधारली.

आपल्याकडे तर हे कळायला प्रयोगाचीही गरज नव्हती. अंगणवाडी ही कल्पनाच ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघरच्या) बोर्डीत रुजली. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडी उठून त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं, तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. हा भाग सगळे कौतुकाने सांगतात, कारण तो स्वस्त आहे. सांगायचं राहतं ते हे की साधनं स्वस्त होती, बाई स्वस्त नव्हती. शिक्षिका घडवणं हाच त्या दोघींच्या कामाचा कणा होता. सरकारने अंगण उचललं, चिंचोके उचलले आणि शिक्षिका घडवण्याचा भाग कोसबाडच्या टेकडीवरच ठेवून दिला.

प्रशिक्षणाची आजची गत बघा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका द्यावी. प्रत्यक्षात 2023 च्या मे महिन्यात केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ सुरू केलं आणि सेविकांच्या वाट्याला आलं तीन दिवसांचं प्रशिक्षण. तीन दिवस! प्रशिक्षण वाईट होतं असं नाही, खेळातून शिक्षणाची मांडणी त्यात चांगली आहे. पण तीन दिवसांत शिवणकामही येत नाही. डीएड केल्याशिवाय पहिलीच्या वर्गावर कुणाला उभं करत नाही आपण. त्याच्या खालच्या वयाला, जिथे काम अधिक अवघड आहे, तिथे तीन दिवस पुरतात हा हिशेब कुणी लावला?

इथे परदेशातल्या आकड्यांचाही एक घोळ निस्तरायला हवा. बालशिक्षणात एक डॉलर घाला, सात परत मिळतात, हे वाक्य आपल्याकडच्या भाषणांत सर्रास येतं. त्याचं मूळ मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावच्या पेरी प्रीस्कूलमध्ये आहे. 1962 ते 1967 या काळात तिथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली 123 मुलं अभ्यासात होती, त्यातल्या 58 जणांना प्रत्यक्ष कार्यक्रम मिळाला. शिक्षिका पूर्ण प्रशिक्षित होत्या, एकेकीकडे पाच-सहाच मुलं होती आणि दर आठवड्याला त्या प्रत्येक मुलाच्या घरी जात. तो परतावा या अटींचा आहे. अटी सोडून द्यायच्या आणि परताव्याचा आकडा तेवढा उचलायचा, हा शुद्ध भामटेपणा झाला. न्यू जर्सीत हे न्यायालयाला समजलं होतं. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट खटल्यांत 1998 मध्ये तीसेक गरीब शिक्षण-जिल्ह्यांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचा आदेश दिला आणि 2000 मध्ये त्याचा दर्जाही बांधून दिला: वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, पदवीधर प्रमाणित शिक्षिका, सोबत एक मदतनीस. पुढे शिक्षिकांचा पगारही सरकारी शाळेच्या शिक्षकांच्या बरोबरीला आला. अटी होत्या, पण त्या पैसा देणाऱ्यावर होत्या. महाराष्ट्र म्हणजे न्यू जर्सी नव्हे, पंधराचा वर्ग आपल्याला उद्या परवडणार नाही. बंधन कुणावर घालायचं ही दिशा मात्र तिथून घेता येते.

आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने एक दार किलकिलं केलेलं आहे. 25 एप्रिल 2022 च्या मणिबेन भारिया निकालात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. गुजरातमधली ही बाई आणि तिच्यासारख्या इतर जणी लढल्या म्हणून. त्यांचं काम अर्धवेळ आहे, ही सरकारची बाजू न्यायालयाने मानली नाही, मानधन हे वेतनच आहे असं म्हटलं, आणि तसं म्हणताना कलम 11 खालच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचा आधार घेतला. म्हणजे ती शिकवते, म्हणून ती कर्मचारी आहे. सरकारला मात्र अजून हे गळी उतरत नाही. केंद्राने आपल्या बाजूचं सेविकेचं मानधन ऑक्टोबर 2018 मध्ये 4500 रुपये केलं, मदतनीसचं 2250, आणि केंद्र तिथेच थांबलंय. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली भर घालून ते 10,000 आणि 5,500 वर नेलं, नंतर आणखी वाढवलं, ही नंतरची वाढ काही अंशी डिसेंबर 2023 च्या संपाचंच फळ.

पैशाचा हिशेब मी ढोबळ मांडतो. राज्यात एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत असं धरू. प्रत्येकीत एक अर्धवेळ बालशिक्षिका, महिन्याला दहा हजार रुपये. वर्षाला 1,320 कोटी. प्रशिक्षणाचे, प्रवासाचे, रजेचे धरून आणखी दोन-तीनशे कोटी म्हणा. ‘लाडकी बहीण’ जाहीर करताना सरकारने वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज सांगितला होता. त्याच्या तीन-साडेतीन टक्क्यांत हे बसतं. मला त्या योजनेवर चिखलफेक करायची नाही, दीड हजार रुपये हातात आल्याने घरात काय फरक पडतो ते मला दिसतं. पण ‘पैसा नाही’ हे उत्तर यापुढे चालणार नाही, एवढंच. शिवाय हे पैसे जातील तेही गावातल्या बारावी-पदवी झालेल्या, नोकरीअभावी घरी बसलेल्या मुलींनाच.

अटी कायद्यात घातल्या की त्यांचा वापर दार बंद करायला होतो, ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. शिक्षण हक्क कायद्याने भिंत, मैदान, खोल्या यांचे निकष घातले आणि पुढे त्याच निकषांवर बोट ठेवून छोट्या शाळांना कुलपं लावायची भाषा सुरू झाली. अंगणवाडीचं तसं झालं तर पहिला बळी पाड्यावरचा. म्हणून क्रम महत्त्वाचा. इमारतीची अट पहिली नको. केंद्राच्या हिशेबाने एक अंगणवाडी बांधायला बारा लाख लागतात, त्यात रोजगार हमीचे आठ. ते यायला वर्षं जातील आणि दरम्यान ठेकेदाराशिवाय कुणाचं भलं होईल असं नाही. समाजमंदिरात, देवळाच्या ओसरीत, झाडाखाली भरलेली चांगली बालवाडी मी बंद पडू देणार नाही. माणसाची अट पहिली, वेळेची दुसरी, आणि जागेची त्यानंतर. शौचालय आणि पाणी यांना मात्र सूट नाही, तीन वर्षांच्या मुलीला रस्त्याकडेला बसवून पायाभूत स्तर वगैरे बोलू नये.

सेविका त्याच गावची हवी ही जुनी अट मात्र मला सोन्यासारखी वाटते, ती कधीही सोडू नये. धारणीत मूल कोरकू बोलतं, भामरागडला माडिया, अक्कलकुव्यात भिली किंवा पावरी. बाहेरून बदलीवर आलेला शिक्षक त्या मुलाला पहिले सहा महिने मुकं समजतो. गावच्या ताईला ते मूल पहिल्या दिवसापासून बोलकं दिसतं. आता 2023 पासून बारावीची अट आली आहे, आणि दुर्गम पाड्यांवर बारावी झालेली बाई मिळणं ही तारेवरची कसरत आहे. अशा ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे: गावची, भाषेची बाई घ्या, शिक्षण कमी असलं तर तिला दोन वर्षं पगारी शिकवा. प्रमाणपत्र नंतरही मिळतं, भाषा नंतर मिळत नाही.

तपासणीबद्दल थोडं. वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असते. ती येते तेव्हा वजनकाटा बघते, साठा बघते, रजिस्टर बघते, आता ॲप बघते. पोषण ट्रॅकर नावाचं हे ॲप 2021 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले, तापणारे-अडकणारे फोन परत करायचं आंदोलन केलं. ॲपमध्ये इंग्रजीत नावं भरताना बायकांचे हाल झाले ते वेगळेच. मागोवा ठेवू नका असं मी म्हणत नाही. पण एखादी पर्यवेक्षिका अर्धा तास मागे बसून, ताई गोष्ट कशी सांगते, गप्प मुलाकडे वळते की नाही, मुलं प्रश्न विचारतात की नाही, हे बघून गेली असं किती अंगणवाड्यांत घडतं? त्यासाठी तिच्या तक्त्यात रकानाच नाही. तो घाला, आणि चेहरा जुळवण्यासाठी दिवस ठरवून द्या, रोजच्या शिकवण्याच्या वेळात ते बंद ठेवा. याला एक रुपया लागत नाही, फक्त आयुक्तालयाचं एक परिपत्रक लागतं.

खासगी नर्सऱ्यांवर वेगळा लेख लागेल. एवढंच म्हणतो की ब्यूटी पार्लर काढायला जेवढी परवानगी लागते त्याहून फार काही बालवाडी काढायला लागत नाही, अशी परिस्थिती वर्षानुवर्षं आहे. प्राचार्य राम जोशी समितीनंतर 1996 मध्ये राज्याने बालवाडी-प्रवेशाच्या मुलाखती बंद करणारा कायदा केला होता, तोही टिकला नाही. गरीब आई पोटाला चिमटा काढून मुलाला टाय घालून व्हॅनमध्ये बसवते ती हौस म्हणून नव्हे. तिला तिथे निदान कुणीतरी मुलांसमोर बसलेलं दिसतं. भले ती बसलेली बाई तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाला धरून एबीसीडी गिरवून घेत असेल. सरकारी अंगणवाडीत बसलेलं माणूस दिसलं तर यातल्या अर्ध्या आया परत येतील, असा माझा अंदाज आहे.

यासाठी दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. शिक्षण समवर्ती सूचीत आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने 2011 मध्ये स्वतःचे नियम केलेलेच आहेत, त्यांत कलम 11 खाली तीन ते सहा वयासाठी एक प्रकरण जोडता येतं, किंवा विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करता येतो. त्यात सरकारची बंधनं लिहावीत: वीस मुलांमागे एक बालशिक्षिका, रोजचे तीन तास तिला दुसरं काम नाही, सहा महिन्यांचं पगारी प्रशिक्षण, आणि पद रिकामं राहिलं तर किती दिवसांत भरायचं त्याची मुदत. पहिल्या वर्षी मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली, पालघर इथले प्रकल्प घ्यावेत. महिला व बालविकास खातं आणि शालेय शिक्षण खातं यांनी मूल कुणाचं यावरून चालवलेली ओढाताण तोवर बाजूला ठेवावी. पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्पाची पुस्तकं येतील तेव्हा ‘बालशिक्षिका’ या नावाने एखादं लेखाशीर्ष उघडलेलं आहे का, आणि त्यासमोर शून्याखेरीज काही लिहिलेलं आहे का, ते मी बघणार आहे.